वेबपी फोटो जेपीजी कसे करू? स्मरणिकेचे फोटो अडकलेत

सांजवात

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या नाट्यमंडळाला यंदा ७५ वर्षं होताहेत. डिचोली तालुक्यातलं लहानसं गाव, देवळाच्या कालोत्सवात दर वर्षी मराठी नाटक होतंच. यंदा कालोत्सवाआधी स्मरणिका छापायची ठरलंय आणि फोटो जमवायचं काम माझ्याकडे आलंय.

महिनाभरात १४० फोटो जमले. काही लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, पण निम्म्याहून जास्त मी गावाच्या संकेतस्थळावरून आणि जुन्या बातम्यांमधून उतरवून घेतले. काल पेनड्राइव्ह घेऊन छापखान्यात गेले. तिथल्या मुलाने दहा-बारा फाइली उघडून बघितल्या आणि म्हणाला, "बाय, ह्यो फायली उगडनात."

घरी बघितलं तर ८६ फाइलींच्या नावाशेवटी डॉट वेबपी आहे. माझ्या लॅपटॉपवर त्या व्यवस्थित दिसतात. नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिलं, तरी त्याच्याकडे उघडत नाहीत. सगळ्या फाइली एकदम जेपीजी करता येतील का? आणि दर्जा न बिघडता?

त्यात माझ्या बाबांचा एक फोटो आहे, गोवा मुक्तीच्या आधीचा, स्त्री भूमिकेतला. तो मला पूर्ण पानभर हवाय.

तिराकोल

विंडोज ११ असेल तर फाइल पेंटमध्ये उघडा, सेव्ह अ‍ॅजमध्ये जेपीईजी निवडा. झालं.

सत्तरीकर

८६ वेळा?

तिराकोल

वाचताना आकडा नजरेतून सुटला. ८६ साठी पेंट नको.

दुधाळ चांदणं

सांजवात, आधी नाव बदलण्याबद्दल सांगतो, कारण ही चूक बरेच जण करतात. फाइलीच्या नावातला शेवटचा भाग म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी बदलून आतलं धान्य बदलत नाही. वेबपी फाइलीची सुरुवात आरआयएफएफ या चार अक्षरांनी होते आणि पुढची चार बाइट सोडली की वेबपी अशी अक्षरं असतात. जेपीजीची सुरुवात वेगळ्याच दोन बाइटांनी होते. तुमच्या लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम आतली खूण बघून फाइल उघडतो, म्हणून नाव काहीही असलं तरी फोटो दिसतो. छापखान्यातला प्रोग्रॅम नावावर विश्वास ठेवून जेपीजी शोधायला जातो आणि अडतो. तेव्हा नावं पुन्हा होती तशी करा, नाहीतर पुढे कुठली फाइल काय आहे ते तुम्हालाच कळणार नाही.

आता एकगठ्ठा काम. एक्सएन-कन्व्हर्ट नावाचा प्रोग्रॅम आहे, घरगुती वापराला फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. इनपुटमध्ये सगळा फोल्डर ओढून टाका. आउटपुटमध्ये जेपीजी निवडा, दर्जा ९५ ठेवा आणि नवा फोल्डर दाखवा. मूळ वेबपी फाइलींवर नव्या फाइली लिहू देऊ नका, त्या जपून ठेवा. बटण दाबा आणि चहा ठेवा, चहा उकळायच्या आत काम झालेलं असेल.

आबोलीचो वळेसर

मॅक असेल तर प्रिव्ह्यूमध्येही होतं. सगळ्या फाइली निवडून एकदम उघडायच्या, बाजूच्या पट्टीत सगळ्या निवडायच्या आणि फाइल मेनूतून एक्स्पोर्ट. बिग सर किंवा त्यानंतरची प्रणाली लागेल, आधीच्या मॅकवर वेबपी उघडतच नव्हतं. सफारीनेही २०२० मध्ये १४व्या आवृत्तीत वेबपी दाखवायला सुरुवात केली.

कुळागर

पण मुळात हे वेबपी आलं कुठून? मी तर बातमीतल्या फोटोवर उजवी टिचकी मारून सेव्ह करतो, पाच-सहा वर्षांपूर्वी जेपीजीच मिळायची. हल्ली दर वेळी हे.

दुधाळ चांदणं

गूगलने सप्टेंबर २०१० मध्ये आणलं. त्याच वर्षी त्यांनी ऑन२ नावाची व्हिडिओ तंत्राची कंपनी घेतली होती. तिच्या व्हीपी८ या तंत्रात व्हिडिओतली एकेक चौकट जशी आवळतात, तसाच एकटा फोटो आवळायचा, ही कल्पना. गूगलच्या मोजणीप्रमाणे सारख्या दर्जाच्या जेपीजीपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते. फायरफॉक्सने २०१९ मध्ये आणि सफारीने २०२० मध्ये ते स्वीकारलं, मग संकेतस्थळवाल्यांना थांबायचं कारण उरलं नाही. २०२१ पासून वर्डप्रेसवरही वेबपी थेट चढवता येतं, आणि गावोगावची देवळं, मंडळं, छोटी वृत्तस्थळं बरीचशी वर्डप्रेसवरच आहेत.

आणखी एक. पत्त्यात जेपीजी दिसत असूनही हातात वेबपी पडू शकतं. ब्राउझर फोटो मागताना "मला वेबपी चालतं" असं सर्व्हरला सांगतो, आणि सर्व्हर तेच देतो.

रानभेंडी

नुसता ताप आहे हा. जे सगळीकडे चालत होतं ते मोडून नवं कशाला आणायचं? जेपीजीचं मानक १९९२ चं आहे, माझ्या कॅमेऱ्यापासून छापखान्यापर्यंत सगळ्यांना कळतं.

सत्तरीकर

रानभेंडी, याला माझा ठाम विरोध. मी वाळपईच्या वर राहतो. पावसाळ्यात आमच्याकडे नेटवर्कची एक दांडी आली तरी लोक अंगणात येऊन उभे राहतात. माझी मुलगी शाळेचा अभ्यास मोबाइलवर उघडते, त्या पानावर वीस चित्रं असतात. प्रत्येक चित्र पाव हिश्शाने हलकं असेल तर तिचं पान उघडतं, नाहीतर गोल फिरत राहतं. ते हलकं करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. फाइल वेबवर दाखवायला बनली आहे आणि आपण ती छापायला नेतोय, अडचण तिथे आहे.

रानभेंडी

मुलीच्या अभ्यासाचं पटलं. शब्द मागे घेतो. पण मग छापखान्याने तरी प्रोग्रॅम नवा घ्यावा.

शाईचे हात

फोंड्याकडे माझा लहान छापखाना आहे, म्हणून या बाजूने लिहितो. आमच्या धंद्यात अजून कितीतरी ठिकाणी पेजमेकरवर पानं लागतात. त्याची शेवटची, ७वी आवृत्ती २००१ ची. वेबपीचा जन्म त्यानंतर नऊ वर्षांनी. ती फाइल त्याला कळणार कशी? नवा का घेत नाही म्हणाल, तर वीस-पंचवीस वर्षांचं काम त्यात साठलंय. लग्नपत्रिका, देवस्थानांची पत्रकं, भजनी मंडळांची पुस्तकं, सगळं जुन्या मराठी फाँटांत जुळवलेलं. तो मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो. एकेक पान पुन्हा तपासावं लागतं. त्या मुलाला दोष देऊ नका, ताई.

आता कामाचं सांगतो. स्मरणिकेसाठी आमच्याकडे फोटो येतो तेव्हा आम्ही आधी पिक्सेल बघतो, नाव मागाहून. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. ए४ पान पूर्ण भरायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल. संकेतस्थळावरून उतरवलेला ६४० पिक्सेल रुंदीचा फोटो कागदावर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर नीट दिसतो. तो पानभर ताणला की चेहऱ्याची चौकटी-चौकटी होते. तुमच्या बाबांच्या फोटोचे पिक्सेल किती आहेत?

आणि हो, फाइलींची नावं मराठीत असतील तर जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यांची प्रश्नचिन्हं होतात. पान क्रमांक आणि अनुक्रमांक अशी आकड्यांत नावं द्या, बरोबर एका कागदावर यादी द्या.

सांजवात

शाईचे हात, खूप आभार. आत्ता बघितलं. ७२० बाय ५१०. 😔

दुधाळ चांदणं यांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या ८६ फाइली जेपीजी केल्या, चार मिनिटं लागली. उघडतात! पण दोन गोष्टी झाल्या. मंडळाच्या बोधचिन्हामागे काळा चौकोन आला. आणि बाबांचा फोटो ६० केबीचा होता तो २१० केबी झाला. म्हणजे तो सुधारला का?

आबोलीचो वळेसर

बोधचिन्हाची पार्श्वभूमी पारदर्शक असणार. जेपीजीत पारदर्शकतेला जागाच नाही, म्हणून प्रोग्रॅम तिथे काळा नाहीतर पांढरा रंग भरतो. तेवढी एक फाइल पीएनजी करा.

दुधाळ चांदणं

केबी वाढले म्हणून फोटो सुधारला नाही, सांजवात. वाईट वाटतं सांगायला. वेबपी बनवताना जो तपशील टाकून दिला तो गेला. आता जेपीजी त्याच उरलेल्या चित्राला आपल्या पद्धतीने, जास्त जागा घेऊन लिहून ठेवतेय. वर जेपीजी स्वतःही थोडं गाळते, म्हणून दर्जा ९५ म्हटलं होतं. छपाईसाठी याहून चांगलं म्हणजे पीएनजी किंवा टिफ, त्यात दुसऱ्यांदा काही गळत नाही.

रंगाचंही बघा. नेहमीच्या, गाळणाऱ्या वेबपीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, पण रंगाची चार पिक्सेलांत मिळून एकच. जेपीजीत हे टाळायची सोय असते, या वेबपीत नसते. त्यामुळे पिवळ्या पितांबरावर लाल शेला असेल तर दोन्ही जिथे भेटतात तिथे रंग एकमेकांत ओघळल्यासारखा दिसतो. नाटकाच्या रंगीत फोटोंत हे पटकन कळतं.

खांडेपार

माझा भाचा म्हणतो की हल्ली एआयने फोटो मोठा करता येतो. ७२० चा ३००० होतो. दोन मिनिटांचं काम. तेच करा ना.

जुना नेगेटिव्ह

कृपा करून ते करू नका.

मी तीस वर्षं फोटो काढतोय, त्यातली बरीच देवळांच्या जत्रांत आणि नाटकांत गेली. ते यंत्र तुमच्या बाबांना ओळखत नाही. त्याने हजारो चेहरे बघितलेत, आणि जिथे पिक्सेल नाहीत तिथे ते त्या हजारो चेहऱ्यांमधलं काहीतरी भरतं. डोळे टपोरे होतील, कातडी गुळगुळीत होईल, नथीच्या जागी भलताच दागिना येईल. फोटो स्वच्छ दिसेल आणि माणूस दुसराच असेल. गावात ज्यांनी त्यांना बघितलंय ते म्हणतील, हा तो नव्हे. झाडं, आभाळ, देवळाचा कळस असेल तर एकवेळ चालेल. माणसाचा चेहरा, तोही आपल्या बापाचा, कल्पून काढू नये.

त्यापेक्षा कागदावरचा फोटो शोधा. संकेतस्थळावर तो कुणीतरी स्कॅन करूनच चढवला असणार. म्हणजे कागद कुणाच्या तरी घरी आहे. सहा बाय चार इंचांचा असला आणि ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, स्कॅन केला तर ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात. ए४ वर आडवा आरामात बसेल.

सत्तरीकर

+१. अगदी हेच.

खांडेपार

पटलं. भाच्यालाही वाचायला देतो.

कुळागर

अवांतर: स्त्री भूमिकेवरून आठवलं. आमच्या वाड्यावर एक आजोबा होते, तेही लुगडं नेसून उभे राहायचे. नाटकाच्या दिवशी माझी आजी आपली पैठणी आणि पाटल्या त्यांना द्यायची आणि विंगेत बसून राहायची, पाटल्यांवर नजर ठेवून. पहाटे नाटक संपलं की पाटल्या आधी काढून घ्यायची, शाबासकी मागाहून. नऊवारी तिच्यापेक्षा तेच चांगली नेसतात असं ती स्वतः सांगायची.

आबोलीचो वळेसर

आमच्याकडेही! आणि डोक्यात वळेसर घरच्याच आबोलीचा असायचा. नाटकाच्या दिवशी अंगणातली सगळी आबोली खुडून न्यायचे, आईला देवाला वाहायलासुद्धा उरायची नाही.

तिराकोल

विषयाकडे येऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंचं काय? ते जेपीजीच असतात, त्यामुळे उघडतील, पण नेहमीसारखे पाठवले तर मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते. ३०० च्या हिशेबाने साडेतेरा सेंटिमीटर. अर्ध्या पानाला चालेल. ज्यांचे मोठे हवेत त्यांना पुन्हा पाठवायला सांगा, पण "डॉक्युमेंट" म्हणून. पेपरक्लिपच्या खुणेवर टिचकी, मग डॉक्युमेंट, मग फाइल. तसा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याला हात लावत नाही.

आयफोनवाल्यांकडून मग हेइक फाइली येतील, तयारी ठेवा. २०१७ पासून आयफोन त्या प्रकारात फोटो साठवतो, आणि तेही छापखान्यात उघडत नाही. एक्सएन-कन्व्हर्टला देऊन बघा.

रानभेंडी

ऑनलाइन फुकट बदलून देणारी पानं असतात, ती वापरली तर?

दुधाळ चांदणं

बाजारातला केळीचा फोटो असेल तर खुशाल. पण स्मरणिकेत घरच्या बायका-मुलांचे, गेलेल्या माणसांचे फोटो आहेत. ते कुठल्या सर्व्हरवर जातात, किती दिवस राहतात, आपल्याला दिसत नाही. एकदोन फाइलींसाठी स्क्वूश वापरा. ते ब्राउझरमध्ये चालतं, पण फोटो आपल्याच संगणकावर बदलतं, बाहेर पाठवत नाही.

आणि फोटो बघायचे प्रोग्रॅम जुने असतील तर अद्ययावत करून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी उघडणाऱ्या मूळ संचातच मोठी फट सापडली होती. मुद्दाम बिघडवलेला फोटो नुसता उघडला तरी संगणकात शिरता येत होतं. क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांना घाईने दुरुस्ती द्यावी लागली. त्यानंतर अद्ययावत न केलेला प्रोग्रॅम वापरू नका.

सांजवात

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उद्यापासून घरोघरी फिरते. संकेतस्थळ चालवणाऱ्या मुलाला फोन केला, त्याला फोटो हार्मोनियम वाजवणाऱ्या काकांनी दिला होता. ते आता साखळीला मुलाकडे असतात, वय ऐंशीच्या पुढे.

जुना नेगेटिव्ह

जाताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात. चिकटला असेल तर ओढू नका. वरचा थर काचेवर राहील आणि कागद हातात येईल. काचेसकट स्कॅनरवर ठेवा. स्कॅनरची आणि फ्रेमची अशा दोन्ही काचा पुसा, मऊ कोरड्या कापडाने. आणि पांढरी बुरशी दिसली तर बोटाने पुसायला जाऊ नका, ती आत घुसते.

शाईचे हात

कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. जुन्या कागदाचा पिवळा डाग रंगीत स्कॅनमध्ये वेगळा काढता येतो. आणि टिफमध्ये साठवा.

(नऊ दिवसांनी)

सांजवात

मंडळी, परत आले.

८६ वेबपींपैकी ३१ फोटोंचे कागद मिळाले. कुणाच्या कपाटात, कुणाच्या देवघरातल्या खणात, एक तर तांदळाच्या पिंपाच्या झाकणाखाली प्लास्टिकमध्ये. बाकीचे ५५ जेपीजी करूनच वापरतोय, पण शाईचे हात यांनी सांगितलं त्या मापात, लहान. एका पानावर सहा-सहा लावले आणि ते पान बरं दिसतंय. बोधचिन्ह पीएनजीने सुटलं. छापखान्यातला मुलगा म्हणाला, "आतां सगळें उगडटा."

बाबांचा फोटो साखळीला मिळाला. काचेला चिकटलेलाच होता, म्हणून काचेसकट स्कॅन केला, जुना नेगेटिव्ह यांना मनापासून नमस्कार. काकांची सून घाबरत होती, ओढून काढू का म्हणत होती. मी तिला तुमचा प्रतिसादच वाचून दाखवला.

रात्री लॅपटॉपवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघितले. वेबपीत बाबांच्या नाकाखाली एक पांढरा ठिपका होता. स्कॅनमध्ये ती नथ आहे, मोती मोजता येतात, सात. लुगड्याचा काठ आधी नुसती काळी पट्टी होती, आता त्यावर रुईफुलं दिसतात. डाव्या हाताला काचेच्या बांगड्या आहेत आणि त्यातली एक तडकलेली आहे, बहुतेक नाटकात हात आपटायचा प्रसंग होता. आई बघत होती. ती काही बोलली नाही, पडद्यावरच्या बांगडीवर बोट ठेवून बसली.

आणि उजव्या बाजूला पडद्याची चुणी वाटत होती, ती चुणी नाहीच. लहान मुलाचा हात आहे. चार बोटं पडद्याच्या कडेला धरलेली, बाकीचा मुलगा पडद्यामागे.

कुळागर

अंगावर काटा आला. कोण असेल?

जुना नेगेटिव्ह

स्कॅनची एक प्रत काकांनाही नेऊन द्या, मोठी छापून.

सांजवात

तेच केलं, काल नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग बाबांच्या चेहऱ्यावरून बोट सरकवत पडद्यापर्यंत नेलं आणि आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. करंगळी जरा वाकडी आहे, लहानपणी मोडलेली. फोटोतलीही वाकडी आहे.